सेट मोडायचा का?

पुण्याहून आलेल्या माणसाने चारही ड्रम उलटेपालटे करून पाहिले, मोबाइलचा टॉर्च लावून आतलं लाकूड तपासलं, कडीवरचा गंज नखाने खरवडला आणि चहाचा कप हातात घेत म्हणाला, "स्नेअर एकटा द्याल का? चाळीस देतो. बाकीचं राहू दे तुमच्याकडे."

बाबा खाटेवर बसून होते. २०२० साली त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते मोजकंच बोलतात. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने मांडीवर दोनदा टकटक केलं. ते 'हो' होतं, 'नाही' होतं की नुसतंच टकटक, हे मला तेव्हाही कळलं नाही.

सेट प्रीमियर कंपनीचा आहे. १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी; 'द हू' बँडचा कीथ मून जे ड्रम बडवायचा (आणि फोडायचा) ते याच कंपनीचे. आमचा सेट साठच्या दशकातला, लाल चमकीचा. बाबांनी तो १९७८ मध्ये धोबीतलावच्या एका गोवन ड्रमरकडून घेतला. तो माणूस आखातात चालला होता आणि बाबा लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगाराने विलायती ड्रमसेट घ्यावा हे आमच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं उधळेपण समजलं जातं. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, सात माणसांत, बेस ड्रमवर पाट ठेवून जेवण व्हायचं, असं आत्या सांगते.

तर आमच्यापुढे तीन रस्ते होते. मुंबईचा एक संग्राहक अख्खा सेट पंच्याहत्तर हजारांना घ्यायला तयार होता. त्याला वाजवता येत नाही. तो काचेमागे ठेवणार, पण जसाच्या तसा ठेवणार. दुसरा रस्ता सुटे विकण्याचा: स्नेअर, बेस ड्रम, वरचा टॉम आणि दोन सिम्बल मिळून लाखाच्या वर जात होते. जुन्या सेटच्या बाजारात हे नेहमीचंच आहे म्हणे. अख्ख्यापेक्षा तुकड्यांना जास्त भाव, कारण प्रत्येकाला आपापल्या सेटमधली एकच उणीव भरायची असते. आणि तिसरा रस्ता म्हणजे काहीच न करणं. पोलादपूरपासून वर डोंगरात आमचं गाव आहे, तिथल्या घराच्या माळ्यावर सेट ठेवायचा आणि वर्षातून एकदा फडक्याने पुसायचा.

दादा कामोठ्याला राहतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबांना फिजिओथेरपीला महिन्याला इतके लागतात, सेट सुटा विकला तर इतके महिने निघतात. "बाबांचा हात महत्त्वाचा की बाबांचा ड्रम?" असं त्याने फोनवर विचारलं. याला उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते दिलं की आपण हरतो.

मला मात्र सेट मोडणं वाईट वाटत होतं. 'वाईट वाटणं' आणि 'वाईट असणं' यांत फरक आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी स्वतःलाच प्रश्न विचारायला लागले. वाईट म्हणजे कुणाचं? ड्रमला दुखत नाही. बाबांना काय वाटतं ते सांगता येत नाही. मग अन्याय होतोय तो कुणावर?

मुंबईहून महाडला येताना हायवेलगत गांधारपाल्याची लेणी लागतात. तीसेक लेणी आहेत, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची. लहानपणी बाबा आम्हाला तिथे न्यायचे आणि तिथे बसून गोष्ट सांगायचे ती राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेनाची. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला ज्याचं नाव दिलं तोच. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, दांडा म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळं सुटं करून ढीग घातला तर तो रथ का? तेही नाही. मग रथ कुठे आहे? रथ हे फक्त नाव, भाग एकत्र आले की व्यवहारासाठी दिलेलं.

हे लावून पाहिलं तर माझा प्रश्न विरघळतो. बेस ड्रम म्हणजे सेट नाही, स्नेअर म्हणजे सेट नाही. सेट नावाचं पाचवं काही नाहीच, तर मोडणार काय? विका, पैसे घ्या, बाबांच्या हाताला मालिश करा.

पण गोष्टीतली एक बाब लहानपणी माझ्या लक्षात आली नव्हती. हा वाद सुरू होतो तो रथावरून नाही. राजा आधी विचारतो, तुमचं नाव काय? आणि भिक्खू म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ते नावच आहे, त्यामागे धरून ठेवावा असा कुणी नाही. रथ नंतर येतो, उदाहरण म्हणून. म्हणजे सेट नाही हे मान्य केलं तर त्याच न्यायाने बाबाही नाहीत. एक लुळा हात, एक चांगला हात, रक्तदाबाच्या गोळ्या, अर्धवट शब्द. त्यांना 'बाबा' म्हणणं हा व्यवहारच. पण म्हणून कुणी त्यांना सुटं करत नाही. व्यवहाराचं नाव म्हणजे खोटं नाव नव्हे. राजा शेवटी त्याच रथात बसून परत गेला असणार.

ॲरिस्टॉटलने हीच गोष्ट उलट बाजूने सांगितली होती. जोडाक्षर म्हणजे नुसती त्यातली अक्षरं नव्हेत, कारण अक्षरं सुटी केली की जोडाक्षर जातं, अक्षरं मात्र राहतात. जे जातं तेही काहीतरी आहेच. मला हे पटलं, पण यातून ते 'काहीतरी' जपलंच पाहिजे असं कुठे निघतं? जोडाक्षर फोडणं हा गुन्हा नाही.

मग मी ड्रमसेटचाच इतिहास वाचायला घेतला आणि तिथे माझी बाजू आणखी पातळ झाली. ड्रमसेट हे वाद्य नाहीच मुळी, ती तडजोड आहे. जुन्या लष्करी बँडमध्ये बेस ड्रमला एक माणूस, स्नेअरला दुसरा, झांजांना तिसरा. नाटकगृहांत जागाही कमी आणि पगारही कमी, म्हणून एकाच माणसाने सगळं वाजवायची पद्धत आली. १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविगने पायाने मारायचं चांगलं पेडल काढलं आणि हात मोकळे झाले. टॉम चिनी ढोलांवरून आले, सिम्बल तुर्की, हाय-हॅट १९२० च्या दशकातली. ज्याला आज आपण अखंड समजतो ते चार देशांच्या भंगारातून आणि दोन माणसांची नोकरी खाऊन उभं राहिलंय. सेट अखंड राहावा असं म्हणताना मी मुळात कशाची बाजू घेत होते?

आता आजोबांबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरात ड्रमचा प्रश्न बाबांपासून सुरू होत नाही.

आजोबा गावाच्या खालूबाजात ढोल वाजवायचे. सनई, ढोल, टिमकी, झांज. शिमग्याला पालखी निघाली की पुढे बाजा हवा, लग्नात बाजा हवा, आणि तो वाजवायचा आमच्याच वाडीने. आवडतं म्हणून नव्हे, जन्माला आलो म्हणून. देवळाच्या पायरीखाली उभं राहून ज्या देवाला वाजवायचं, त्याच्या देवळात जायचं नाही. मोबदल्यात सुपातलं धान्य, तेही लांबून टाकलेलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं, उष्टं मागणं सोडा असं सांगितलं आणि २० तारखेला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. पणजोबा त्या गर्दीत होते असं घरात सांगतात. खरं खोटं करायला कुणी उरलेलं नाही. पण बाजा लगेच सुटला नाही. तो सुटला १९५६ च्या धर्मांतरानंतर. कोकणात ठिकठिकाणी आमच्या लोकांनी तेव्हा गावकीचा बाजा खाली ठेवला, आणि त्याची किंमत मोजली: काही गावांत वाट अडवली, काही गावांत काम बंद केलं.

आजोबांनी ढोलाची दोन्ही चामडी कोयत्याने कापली. खोड टाकून दिलं नाही, लाकूड चांगलं होतं. एका बाजूने फळी ठोकली आणि त्यात नाचणी साठवायला लागले. मी लहान असताना त्या खोडात कोंबडी अंडी घालायची.

तो ढोल मोडल्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. आजीला तर आनंद झाला होता. तोही जुना, हाताने कोरलेला, आजच्या भाषेत 'व्हिंटेज' होता. एखाद्या संग्रहालयात तो अखंड असता तर खाली पाटी असती, 'कोकणातील पारंपरिक ढोल', आणि पायरीखालचं उभं राहणं पाटीवर आलं नसतं. म्हणजे वाद्य अखंड राहणं ही आपोआप चांगली गोष्ट नाही. कधीकधी ते फोडणं हेच त्याच्याशी केलेलं सगळ्यात प्रामाणिक वागणं असतं.

आणि त्याच घरातल्या मुलाने वीस-बावीस वर्षांनी कर्ज काढून ड्रम घेतला. आजोबा दोन महिने बाबांशी बोलले नाहीत. पुन्हा बडवायलाच गेला ना, असं त्यांना वाटलं. बाबा चाळीतल्या गायन पार्टीत होते. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री, आणि २० मार्चला महाडला, ढोलकाच्या शेजारी हा लाल सेट मांडून भीमगीतांना साथ करायचे. आजोबा एकदा चवदार तळ्याजवळच्या स्टेजखाली उभे राहून ऐकत होते. बाबांनी कार्यकर्त्याला सांगून त्यांना वर बोलावलं आणि शेजारी खुर्चीवर बसवलं. मग त्यांच्यात बोलणं सुरू झालं.

म्हणून मला सेट हवा होता. त्याच्या अखंडपणासाठी नाही, तो निवडलेला होता म्हणून. आमच्या घरात बाबा हे पहिले असे की ज्यांनी आपलं वाद्य स्वतः निवडलं. दादाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर. मग निवडणं महत्त्वाचं. आता आपली निवडायची पाळी." दादा कॉमर्सचा आहे, पण कधीकधी असा अडकवतो.

अडकून पडायला तेवढंच नव्हतं. २२ जुलै २०२१ चा पूर विसरता येत नाही.

तेव्हा आम्ही बाबांच्या उपचारांसाठी महाडमध्ये बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या. पाणी पायरीला लागलं तेव्हा आधी बाबांना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेलं, शेजारच्या दोन मुलांनी उचललं. मग मी कागदपत्रांची पिशवी नेली. मग परत आले, पाणी मांडीपर्यंत होतं, आणि मी न थांबता स्नेअर उचलला. दुसऱ्या फेरीत टॉम आणि सिम्बल. तिसऱ्या फेरीत शेजारच्या मुलाने बेस ड्रम डोक्यावर घेतला. चौथी फेरी झाली नाही. खाली उभा राहणारा मोठा टॉम, ज्याला फ्लोर टॉम म्हणतात, तो खोलीतच राहिला.

त्याच संध्याकाळी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यामुळे ड्रमबद्दल कुणाशी बोलावंसं त्यानंतर कितीतरी महिने वाटलं नाही. आत्ताही हे लिहिताना थोडं अवघडच वाटतंय. पण विचार करायला लागल्यावर लक्षात आलं की पाण्यात उभी असताना मी सेट वाचवत नव्हते. सेट कुणीच वाचवू शकत नाही, हात दोनच असतात. मी एकेक वस्तू वाचवत होते आणि माझ्या हातांनी क्रम लावला होता. स्नेअर पहिला, फ्लोर टॉम शेवटचा. पुण्याच्या माणसाने लावलेला भाव आणि माझ्या हातांनी लावलेला क्रम तंतोतंत सारखा होता.

पाणी उतरल्यावर फ्लोर टॉम चिखलात सापडला. वरचं लाल वेष्टन सुटून लोंबत होतं आणि आतून वेगळंच लाकूड निघालं. बाकीच्या तिन्हींच्या आत बर्च लाकडाचे पातळ थर आणि कडेला मजबुतीसाठी गोल पट्टी. याच्या आत आपल्याकडचा जाड प्लाय, फुगून पापड झालेला. जोडावर खिळे. लाल चमकीसुद्धा नीट पाहिली तर वेगळी, जरा गुलाबीकडे झुकणारी. चाळीसेक वर्षं आम्ही जो 'ओरिजिनल' सेट म्हणत होतो त्यातला एक ड्रम प्रीमियरचा नव्हताच.

मी बाबांना दाखवलं. ते बराच वेळ हसले, अर्ध्या तोंडाने. मग एकच शब्द बोलले, "संप."

पुढचं आत्याने जुळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, आणि त्यात बाबा. पहिले काही महिने निभावले, मग घरातलं एकेक जायला लागलं: आजीचे गंठण, शिलाई मशीन, आणि फ्लोर टॉम. स्नेअर विकला तर वाजवणं संपलं असतं, बेस ड्रम विकला तर ठेका संपला असता. फ्लोर टॉमशिवाय भागतं. नंतर थोडे पैसे आले तेव्हा त्यांनी एका ढोलकी बनवणाऱ्याकडून तसाच दिसणारा करून घेतला आणि लाल प्लॅस्टिक चढवलं. पुढची कित्येक वर्षं चवदार तळ्यावर तोच वाजला. कुणाला कळलं नाही.

म्हणजे हा प्रश्न बाबांनी माझ्याआधी चाळीस वर्षं सोडवला होता, काहीही न वाचता. त्यांनी विचारलं नाही की सेट मोडायचा का. त्यांनी विचारलं की यातलं काय गेलं तरी वाजवता येईल.

हे कळल्यावर मी संग्राहकाला नाही म्हटलं. पंच्याहत्तर हजार देणारा माणूस वाईट नव्हता, उलट सगळ्यांत तोच आदराने बोलला. काचेमागचं जतन फालतू असतं असंही माझं म्हणणं नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते घराघरातून तुटून आले म्हणूनच आज आहेत. पण फ्लोर टॉमचं त्याला सांगितल्यावर तो म्हणाला की मग तो एक नको, त्याजागी खरा प्रीमियर शोधून लावू, म्हणजे सेट पूर्ण होईल. त्याचा 'पूर्ण' आणि आमचा 'पूर्ण' एक नव्हते.

माळ्यावर ठेवायचा रस्ताही मी सोडला. आमच्या तालुक्यात हिंडलं की कळतं, अख्खं ठेवलेलं काय होतं ते. सातबाऱ्यावर सतरा नावं, घर समाईक, कुणी वाटणी मागत नाही कारण भांडण नको, आणि कुणी कौलं बदलत नाही कारण एकट्याने का? चार पावसाळ्यांत आढं खाली येतं. न मोडता ठेवलेली घरंच जास्त मोडलेली दिसतात.

स्नेअर आणि सिम्बल विकले. पुण्याच्या माणसाला नाही. तो दलाल होता. दादाने शोधून मुंबईत एक ड्रमर काढला, जो स्टुडिओत रोज वाजवतो. त्याने पाच हजार कमी दिले. दादा कुरकुरला, पण मान्य झाला. पैसे बाबांच्या उपचारांना गेले, त्यातून हात किती सुधारला हे विचारू नका. थोडा सुधारला.

बेस ड्रम, टॉम आणि चिखलातला फ्लोर टॉम गावच्या विहारात आहेत. वाडीतली पोरंपोरी जयंतीला वाजवतात. स्नेअर त्यांनी वर्गणी काढून नवा, साधा घेतला. टॉमवर आज मिळणारं तयार हेड बसत नाही. प्रीमियरची जुनी मापं जगाच्या मापांपेक्षा किंचित मोठी होती, साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती बदलली. त्यामुळे महाडचा ढोलकीवाला बकऱ्याचं चामडं मापाने चढवून देतो. फ्लोर टॉमला अशी काही अडचण नाही, तो इथलाच आहे.

मी चुकले का? १४ एप्रिलला ऐकताना एकदा वाटलं. नवा स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. बाबांना खुर्चीवर पुढे बसवलं होतं आणि पहिल्या ठोक्याला त्यांचा चेहरा किंचित वाकडा झाला, म्हणजे होता त्याहून. वाजवणारी मुलगी, माझ्या चुलतभावाची पोर, इयत्ता नववी, तिने ते पाहिलं. गाणं संपल्यावर ती खाली आली आणि विचारायला लागली, "आजोबा, कुठे चुकलं?" बाबांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी पिळल्यासारखं केलं. ते तिला कळलं नाही, मला कळलं: ताण वाढव.

ड्रम ताणायची चावी माझ्याकडे आहे, धोबीतलावहून आलेली, पितळी, दांडीवर झिजलेली. ती मी मुंबईच्या ड्रमरलाही दिली नाही आणि विहारातही ठेवली नाही. आवाज उतरला की पोरं फोन करतात, मी शनिवारची एसटी पकडते, आणि बाबांची मान हलेपर्यंत एकेक स्क्रू पिळते. नवी चावी ऑनलाइन शे-दीडशे रुपयांत मिळते. हे मी पोरांना अजून सांगितलेलं नाही.